ठोंब्या हलला

ठोंब्याला हलवणं त्याच्या आईला जमलं नव्हतं, बायकोला जमलं नव्हतं, आणि एकदा सोफ्याने पेट घेतला तेव्हा आगीलाही जेमतेमच जमलं होतं.

घरसामान हलवणाऱ्या टोळीचा मुकादम हा ठोंब्याच्या बायकोचा सख्खा भाऊ. त्या सकाळी बहिणीने त्याला दारातच गाठलं.

"दादा, आज यांना कामावर ने रे. नुसते बसून असतात. एकदा हलले ना, की थांबायचे नाहीत बघ."

"बरं."

"आणि संध्याकाळी नीट घरी आणून सोड. धडधाकट."

"सोडतो. शब्द दिला."

शब्द देणं भागच होतं. जावईबापूंना खरचटलं तरी बहीण आपली हाडं मोजायला बसेल, हे मुकादमाला पक्कं ठाऊक होतं.

काम पाचव्या मजल्यावर, एकट्या राहणाऱ्या आजींचं. दुपारपर्यंत सगळं घर खाली टेम्पोत गेलं. राहिलं एक कपाट. लाकडी, काळपट, दार लावलेलं. आतून रिकामं. तरी दोन हमाल आणि मुकादम लागले, पण ते केसभरही सरकेना. ठोंब्या लागला नव्हता. तो लागणार होता.

"यांचं कपाट ते," आजी म्हणाल्या. "हे पण तसेच होते. कुठे चला म्हटलं की म्हणायचे, मी एकदा निघालो तर थांबणार नाही."

"मग?" हमालाने हसत विचारलं.

"मग एकदा निघाले."

हमालाचं हसू जागच्या जागी राहिलं.

टोळीचे नियम दोनच. मुकादमाने "हं... जाऊ द्या!" अशी हाळी दिल्याशिवाय कोणी ढकलायचं नाही. आणि ओढायचा पट्टा हातात धरायचा, अंगाला बांधायचा नाही. पण धरायचं म्हणजे धरून राहायला लागतं. ठोंब्याने कपाटाभोवतीच्या पट्ट्याची टोकं कमरेला घट्ट बांधली, कपाटाला पाठ टेकली आणि डोळे मिटले.

हमाल पाणी प्यायला आत गेले. मुकादमाने कपाटाच्या पायांखाली साबण चोळलेली गोणपाटं सारली, कंबर सरळ केली आणि निव्वळ सवयीने ओरडला, "हं... जाऊ द्या!"

कपाट निघालं.

"वा, जावईबापू! नुसत्या कमरेने?"

"दादा, मी काही केलं नाही," ठोंब्या म्हणाला. हे त्याच्याबाबतीत एरवीही खरंच असायचं.

जेवण झाल्यावर म्हातारा माणूस शतपावलीला निघावा तेवढाच वेग. घासल्याचा आवाज नाही. दाराची कडी खुळखुळली नाही. मुकादम खूश होता, साबणाची कमाल म्हणून. मग त्याला दिसलं की गोणपाटं मागेच राहिलीत, आणि कपाट उंबरठा ओलांडून बाहेर गेलंय.

बाहेरच्या व्हरांड्याची फरशी खडबडीत होती. सकाळी तिथेच मुकादमाची चप्पल अडकून तो पडता पडता वाचला होता. कपाट अडकलं नाही. वेग तोच. हमाल धावत आले. एकाने पुढ्यात पायपुसणं टाकलं, कपाट त्यावरून गेलं. दुसऱ्याने वीट आडवी लावली. कपाटाने तीही बरोबर घेतली.

व्हरांड्याच्या टोकाला जिन्याचा कठडा होता. गंजका, कमरेएवढा. त्याच्यापलीकडे पाच मजल्यांची पोकळी.

मुकादमाने मागून कपाटाला मिठी मारली आणि पाय रोवले. फरशी कोरडी होती, तरी तळवे तिला धरेनात. तोही बरोबर निघाला. पुढे ठोंब्या टाचा आपटत होता. टाचांचा आवाज येत नव्हता.

"दादा, गाठ सुटत नाहीये! थांबव ना!"

मुकादमाने तोंड उघडलं. इतकी वर्षं या धंद्यात काढली, पण थांबवायची हाळी त्याच्याकडे नव्हतीच. लागलीच नव्हती कधी. वस्तू आपल्या आपण थांबायच्या.

त्याने समोर पाहिलं. कठड्याशी आजी उभ्या होत्या. हातात कात्री. त्या कधी पुढे गेल्या, कोणालाच दिसलं नव्हतं.

मुकादम बाजूने घसरत पुढे आला. कात्री घेतली. पट्टा कापला.

कपाट थांबलं.

ठोंब्या थांबला नाही.

पाय जुळलेले, न उचललेले, तसाच तो कठड्याकडे जात राहिला. हमालांनी त्याला शेवटच्या क्षणी काखेत धरून उचललं आणि तसंच खाली आणलं. त्यांच्या हातांत तो सारखा पुढे ओढ घेत होता, हलकेच.

"गाठ घट्ट मारा हो," आजी वरून म्हणाल्या.

मुकादमाने त्याला टेम्पोत आपल्या शेजारी, सामान बांधतात तसं, दोराने बांधलं. हमाल टेम्पोत बसायला तयार होईनात. ते बसने गेले.

"साबण," मुकादम वाटभर स्वतःला सांगत होता. "तळव्यांना साबण लागलाय. दुसरं काय?"

दिवस कलताना टेम्पो बहिणीच्या गल्लीत शिरला. सपाट गल्ली, उलट थोडी चढणच. बहीण दारात हात पुसत उभी होती. धडधाकट नवरा बघून तिचा चेहरा फुलला.

मुकादमाने ब्रेक दाबला.

हँडब्रेक ओढला.

इंजिन बंद केलं.

घर जवळ आलं, आणि शतपावलीच्या वेगाने बाजूने निघून गेलं.

"अरे दादा, कुठे चाललात? थांब ना!"

दोराने आवळलेल्या ठोंब्याने समोरच बघत, अगदी शांतपणे म्हटलं, "दादा, मी काही केलं नाही."

मुकादमाने खिडकीतून मान बाहेर काढून खाली पाहिलं.

चाकं फिरत नव्हती.