पलंगावरची रेघ

लाइट गेली तशी पोरं गच्चीवर जमली आणि काकांना धरून बसली. काकांची वीस वर्षं कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात गेलेली, त्यामुळे त्यांची भुतंसुद्धा बटणं दाबणारी.

"काका, आज खरी सांगा. मागची सपशेल खोटी होती," पुतणी म्हणाली.

"ही माझ्या शेजारच्या टेबलावर बसणाऱ्या माणसाची आहे. बारा वर्षं एकत्र डबा खाल्लाय आम्ही. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. मधे हसलात तर मी उठून जाईन."

कोणी हसलं नाही. मग काकांनी सांगितलं ते असं.

नोव्हेंबरची एकोणीस तारीख, मंगळवार. रात्रीचे साडेदहा झालेले. दुरुस्तीवाला जेवून हात धूत होता, तेवढ्यात फोन वाजला. दोन गल्ल्या सोडून राहणाऱ्या शिवणवाल्या ताई.

"दादा, तुमचा कॉम्प्युटरचा डबा पुन्हा नाचायला लागलाय. पडदा फडफडतोय आणि मधून फाटतोय. आई नीट दिसत नाहीत मला."

"सकाळी येतो ताई."

"सकाळी कशाला? सकाळी मला डोळे आहेत. रात्री दिसत नाहीत म्हणून तर फोन केला."

त्याला जाणं भागच होतं, कारण तो डबा त्यानेच बसवून दिलेला. ताईंच्या सासूबाई सहा वर्षं पलंगावर. कमरेखाली जीव नाही. ताई रात्री पुढच्या खोलीत मशीनवर बसायच्या. मशीनच्या आवाजाने सासूबाईंना झोप लागेना, म्हणून मधलं दार बंद. अशाच एका रात्री सासूबाई पलंगावरून पडल्या आणि तासभर जमिनीवर पडून राहिल्या. मशीनच्या खडखडाटात हाक ऐकू आली नाही. नणंद आली आणि चार माणसांत म्हणाली, "ऐकू आलं नाही की ऐकायचं नव्हतं?" ते ताईंना असं लागलं की दुसऱ्याच दिवशी त्या दुकानात हजर. "मला आई डोळ्यांसमोर पाहिजेत. चोवीस तास." दुरुस्तीवाल्याने एक जुना कॉम्प्युटर दिला. इतका जुना की त्याच्यावर दुसरं काही चालेना, म्हणून विंडोजऐवजी लिनक्स टाकलं. मागच्या खोलीत दारावर कॅमेरा. शिवता शिवता मान वर केली की पडद्यावर पलंग दिसायचा. वर उशी आणि सासूबाईंचा चेहरा, खाली पाय, पायांशी स्टुलावर मोठ्या आकड्यांचं घड्याळ.

तो पोचला तेव्हा ताई शाळेच्या गणवेशांच्या ढिगात बसलेल्या. पडदा खरंच फडफडत होता. आणि खालच्या बाजूला, सासूबाईंच्या पावलांवरून, एक आडवी रेघ गेलेली. रेघेच्या वरचं आणि खालचं चित्र एकमेकांना जुळत नव्हतं.

"हे काय असतं हो?" ताईंनी विचारलं.

"पडदा चित्र वरून खाली रंगवत येतो. अर्धं झालं आणि मधेच डब्यातल्या चित्रं पुरवणाऱ्या कार्डाने पुढचं चित्र हातात दिलं, की वर जुनं राहतं आणि खाली नवं येतं. सांधा दिसतो."

"म्हणजे चौकडीचं कापड जोडताना चौकडी जुळली नाही, तसं."

"अगदी तसंच. वरचं मघाचं, खालचं आत्ताचं."

"मघाचं म्हणजे किती वेळापूर्वीचं?"

"पापणी लवायच्या आतलं."

अशा वेळी दुरुस्तीवाले एक गोष्ट आधी करतात. स्क्रीनशॉट काढतात, म्हणजे पडद्यावरच्या चित्राचा फोटो कॉम्प्युटरलाच काढायला लावतात. त्या फोटोत रेघ आली तर दोष कॅमेऱ्याकडचा. नाही आली तर कार्ड आणि पडदा यांच्या मधला. त्याने अकरा वाजून वीस मिनिटांनी फोटो काढला, उघडला, रेघ शोधली. रेघ नव्हती. त्याने फोटो बंद केला. चित्रात बाकी काय आहे ते पाहायचं त्याच्या मनातही आलं नाही. त्याचं काम रेघेचं होतं.

मग त्याने केबल बदलली. फडफड थांबली.

"बघा, किती सोपं होतं," तो म्हणाला.

"रेघ आहे अजून. वर सरकली."

रेघ घोट्यांच्या वर आलेली. आणि तिच्या खाली पावलं नव्हती. नुसती चादर, सपाट.

"आईंनी पाय वर घेतले वाटतं."

ताईंनी त्याच्याकडे असं पाहिलं की त्याने जीभ चावली. सहा वर्षांत त्या बाईने पाय वर घेतले नव्हते. ताई दार उघडून आत गेल्या, परत आल्या.

"आहेत तिथेच. गार लागले म्हणून मोजे घातले. लाल आहेत, दिसतील आता."

पडद्यावर लाल काही नव्हतं.

असल्या वेळी माणूस आपल्या कामाला चिकटतो. त्याने पडद्यावरच्या खिडक्यांची सजावट, सावल्या, सगळं सेटिंगमधून बंद केलं. कधीकधी तेवढ्याने रेघ जाते. ती गेली नाही. गुडघ्यांपर्यंत चढली. आता स्टुलावरचं घड्याळ पूर्ण रेघेखाली आलं, आणि आकडे स्वच्छ दिसायला लागले.

चार वाजून दहा.

"ताई, आतलं घड्याळ बंद पडलंय का?"

"औषध देताना पाहिलं की मी. बरोबर आहे."

त्याने स्वतः आत जाऊन पाहिलं. बारा पाच. सासूबाई जाग्या होत्या.

"कोण, कॉम्प्युटरवाला का?" त्या म्हणाल्या. "तिला सांग, झोप म्हणावं. माझ्याकडे टक लावून मी काही बरी होणार नाही."

"सांगतो, आजी."

"ऐकायची नाही. माझ्याहून हट्टी आहे मेली." आणि हसल्या.

त्याला धीर आला. बाई बोलतेय, हसतेय, डिवचतेय. यंत्रच बिघडलंय. परत येऊन त्याने शेवटचा उपाय केला. कार्डाच्या फाइलमध्ये एक ओळ लिहायची असते, चित्र पूर्ण झाल्याशिवाय पडद्याला द्यायचं नाही अशी. ती लिहिली. कॉम्प्युटरमधून लॉग-आउट होऊन पुन्हा आत शिरला. पडदा काळा झाला. उजळला.

रेघ कमरेवर होती.

वर सासूबाईंचा चेहरा, छाती, श्वास घेणारी. खाली रिकामी चादर. ताणून घातलेली, एक सुरकुती नाही. घड्याळात चार दहा.

आणि तेव्हा त्याच्या डोक्यात लख्ख उजेड पडला, आणि पडला नसता तर बरं झालं असतं. वरचं मघाचं. खालचं नंतरचं. त्यानेच तर सांगितलं होतं. फक्त 'नंतर' म्हणजे पापणीएवढं नव्हतं. आणि आपण एकेक दुरुस्ती करतोय, तसतशी...

त्याने हात उचलला कीबोर्डवरून. भाजल्यासारखा.

"काय झालं?" ताई म्हणाल्या.

"काही नाही. मी सगळं पहिल्यासारखं करतो."

"बिघडलेलं?"

"हो. बिघडलेलंच."

लिहिलेली ओळ पुसली. सावल्या परत लावल्या. जुनी केबल घातली. फडफड परत आली. रेघ खाली आली नाही. बोटभर वर गेली.

ताई खुळ्या नव्हत्या. त्यांनी पडदा पाहिला, त्याचा चेहरा पाहिला, आणि उठून आत गेल्या. सासूबाईंचे पाय मांडीवर घेऊन बसल्या. दार उघडंच होतं.

"दादा, मी दिसते का?"

तो पडद्याच्या आणखी जवळ सरकला.

"दादा!"

"नाही दिसत, ताई."

"आता?" त्या उशीकडे सरकल्या.

"आता दिसता."

त्याने दवाखान्याच्या गाडीला फोन लावला. पलीकडून माणूस विचारू लागला, पेशंटला काय होतंय? आता काय सांगणार? पडद्यावर पाय दिसत नाहीत म्हणून? "श्वास लागलाय," तो खोटंच बोलला. गाड्या बाहेर आहेत, वेळ लागेल, म्हणाले. दीड वाजता परत फोन. अडीच वाजता परत. येतेय, येतेय.

तीनला ते खोटं खरं झालं. सासूबाईंना श्वास लागला.

त्याने पडद्याचं बटण बंद केलं. आतून ताई ओरडल्या, "बंद नका करू! कुठवर आली ते सांगा मला!"

सुरू केलं.

"कुठवर?"

"छातीच्या खाली."

मग नुसता श्वासाचा आवाज. घासल्यासारखा.

"आता?"

"...गळ्याशी."

"धरून ठेवा ना काहीतरी करून! तुम्ही बसवलाय ना तो!"

बारा वर्षं हेच काम केलेला कारागीर. खिशात पेचकस. पडद्याला दोन्ही हातांनी धरून बसला होता तो... जणू रेघ हातांनी खाली दाबता येते.

पावणेचारला गाडी आली. दोन माणसांनी सासूबाईंना उचललं. ताई शिवणातल्या सुया पदराला टोचलेल्या तशाच मागे धावल्या. दारातून म्हणाल्या, "कुलूप लावा." बस्स.

गाडीचा आवाज गेला. घरात कोणी नाही.

तो मागच्या खोलीत गेला. चादर चुरगळली होती. का कोण जाणे, त्याने ती ताणून घातली. नीट. एक सुरकुती ठेवली नाही. मग उशीजवळच्या खुर्चीत बसला.

समोर घड्याळ होतं.

चार वाजून दहा.

किती वेळ बसला, त्याला सांगता येत नाही. फोन वाजला तेव्हा उठला. चार दहाला, गाडी दवाखान्याच्या फाटकात वळतानाच सासूबाई गेल्या होत्या. ताई फोनवर रडत नव्हत्या. एवढंच म्हणाल्या, "या वेळी मी बघत होते. नणंदेला सांगाल ना?"

"सांगेन, ताई."

पुढच्या खोलीत पडदा सुरूच होता. स्वच्छ. फडफड नाही, रेघ नाही. असा पडदा त्या कॉम्प्युटरने कधी दाखवला नव्हता.

बंद करताना त्याला पडद्याच्या कोपऱ्यात तो फोटो दिसला. रात्री अकरा वीसचा, त्याने स्वतः काढलेला. त्याने उघडला. या वेळी रेघ शोधली नाही.

काका थांबले. अंधारात कोणीतरी नाक ओढलं.

"रिकामा पलंग होता ना?" पुतणीने हळूच विचारलं.

"पलंग रिकामा. चादर ताणलेली. घड्याळात चार दहा. आणि उशीजवळच्या खुर्चीत एक माणूस बसलेला... तो स्वतः."

"अकरा वाजून वीस मिनिटांच्या फोटोत?"

"हो."

"म्हणजे तेव्हाच नीट पाहिला असता, तर..."

"तर काय गं? तर काय केलं असतं त्याने?" काकांचा आवाज चढला आणि लगेच उतरला. "पाच तास आधी कळलं असतं, एवढंच. मी... त्याने हा हिशेब हजारदा केलाय."

काकांनी 'मी' म्हटलेलं सगळ्यांनी ऐकलं होतं, पण कोणी बोट ठेवलं नाही.

"खुर्चीत तो एकटा होता, काका?"

"खुर्चीत एकटाच."

"मग?"

"खुर्चीच्या बाजूला कोणीतरी उभं होतं. पांढरे केस. पाठ ताठ. एक हात त्याच्या खांद्यावर."

दिवस झाल्यावर त्याने तो फोटो ताईंना दाखवला. न दाखवून करतो काय? ताई घाबरल्या नाहीत. पाहत राहिल्या, आणि म्हणाल्या, मला हा कागदावर काढून द्या. मग शिवणाची मोठी कात्री घेऊन त्यांनी खुर्चीतला माणूस सफाईने कापून टाकला आणि उरलेला फोटो भिंतीवर लावला.

पायात लाल मोजे घालून सासूबाई उभ्या आहेत. कापलेल्या जागेवर त्यांचा हात तसाच अधांतरी आहे.