मासोबाचा डोह

नाव घाटापासून सुटली, तेवढ्यात काठावरून एक तरुण उडी मारून आला तो थेट गोदावरीमावशींच्या फराळाच्या डब्यावर बसला.

"पैलतीराला ना?" धापा टाकत त्यानं विचारलं.

"न्हाई," नावाडी भाऊसो शीड सोडत म्हणाला. "मासोबाच्या डोहाला."

विनोदिनी खुदकन हसली. सांगलीच्या कॉलेजात जीवशास्त्र शिकणारी ही मुलगी मावशीला सोबत घेऊन मासे पाहायला निघाली होती. त्या डोहात जाळं टाकायला मासोबा देवाची बंदी. मासे म्हणे हातहातभर वाढलेले!

तरुणानं तिच्याकडे पाहिलं... आणि पैलतीर विसरला. "मलाही... डोहालाच जायचंय."

नाव मधुकर, गाव वाई, पैलतीरच्या शाळेत मास्तरकीच्या मुलाखतीला निघालेला – मावशींनी पहिल्या वळणाआधीच सगळं काढून घेतलं.

"मग मुलाखत?"

"ती काय... होतच असते."

"पोहता येतं ना?" विनोदिनीनं विचारलं.

"वाईचा आहे मी! कृष्णेच्या घाटावर वाढलोय." येतं, असं मात्र तो म्हणाला नाही.

डोहात उतरायचं तर आधी टेकडीवर जाऊन मासोबाला विचारायचं, अशी तिथली रीत. चढण चांगलीच उभी होती. मावशींची छत्री, शाल आणि चेपलेला डबा सांभाळत मधुकर मध्येच थांबला.

"दमलात?"

"छे! देखावा पाहतोय."

"देखावा नदीकडे आहे. तुम्ही माझ्याकडे बघताय."

"हो का?" तो म्हणाला – आणि बघतच राहिला.

मासोबाचा कौल घेऊन खाली आल्यावर विनोदिनीनं पपईच्या देठाच्या दोन पोकळ नळ्या काढल्या. "तोंड पाण्यात, नळी वर. श्वास नळीतून घ्यायचा."

पदर खोचून ती गुडघाभर पाण्यात वाकली. शेजारी तोही. हिरव्या उजेडात रुपेरी पाठीचे मासे संथ फिरत होते... त्यातल्या एकानं मधुकरच्या अंगठ्याची चव घेतली. तो नळीतूनच ओरडला. काठावर मावशींनी शंख वाजला समजून हात जोडले. मधुकर दचकून मागे सरला, तो खोल पाण्यातच! विनोदिनीनं झेपावून त्याची कॉलर धरली आणि ओढत काठावर आणलं.

"आवं मास्तर, तुमास्नी पवाय येत न्हाई व्हय?" भाऊसो म्हणाला.

"नाही..."

"मग बोलला का नाहीत?" विनोदिनी कॉलर न सोडताच म्हणाली.

"तुम्ही एकट्याच उतरला असतात. मला... तुमच्याबरोबर उतरायचं होतं."

"आणि बुडाला असतात म्हणजे? मी काय केलं असतं?" तिचे डोळे भरून आले.

मावशींनी दोघांकडे नीट पाहिलं. "कॉलर सोड गं आता. गुदमरेल तो."

नाव परतीला लागली. घाट दिसू लागला, तशी विनोदिनी हळूच म्हणाली, "उद्या सकाळी घाटावर या. पोहायला शिकवते."

"मी काठावर बसेन," मावशींनी लगेच बजावलं.

"किती दिवस लागतील?" मधुकरनं विचारलं.

"हुशार असाल तर आठवडाभर."

मधुकरनं ओला सदरा पिळत खाली मान घातली. "मी... फार ढ आहे हो."

विनोदिनीनं लाजून पाण्याकडे तोंड फिरवलं. "चालेल," ती म्हणाली.