नमुन्याची फळी

आमच्या हिने एकदा मनावर घेतलं की घरात कुणाची धडगत नसते. लेक मोठी होतेय, तिला वरची खोली द्यायची, आणि तिथे जायला ती डगमगती लोखंडी शिडी चालणार नाही, असं तिने ठरवलं. लाकडी जिना मी करतो, असं मीच बोलून बसलो. हात बरा आहे माझा. दुकानातल्या मांडण्या सगळ्या मीच ठोकल्यात.

शेजारच्या सुतारदादांना राहवेना. कुंपणावर रेलून त्यांनी एकच गोष्ट बजावली. नमुन्याची एक फळी कापायची, ती बाजूला जपून ठेवायची आणि प्रत्येक पायरी तिच्यावरूनच आखायची. नुकती कापलेली पायरी पुढच्या लाकडावर ठेवून आखली, तर पेन्सिलीची रेघ दर वेळी जराशी बाहेर सरकते आणि माप वाढत जातं. मी आपलं हो हो म्हटलं.

पण नमुन्याची फळी इतकी झकास उतरली की नुसती ठेवून द्यायला जीव होईना. दुसरी पायरी तिच्यावरून आखली आणि त्या नमुन्याच्या फळीलाच तळाशी पहिली पायरी म्हणून ठोकून टाकलं. मग तिसरी दुसरीवरून, चौथी तिसरीवरून, तसंच वरपर्यंत. जिना दोन भिंतींच्या मधला. वरच्या पायऱ्या बसवायला गिलावा थोडा खरवडावा लागला. फरक बोटभर. तेवढ्याने कुणाचं काय बिघडतं?

लेक शाळेत गेली. मी शिडी काढून अंगणात टाकली. ही बादली-फडकं घेऊन वर गेली आणि जाता जाता माझं कौतुकही केलं. पहिली पायरी तेवढी करकरते म्हणाली. मी मागच्या पडवीत हत्यारं आवरत होतो. थोड्या वेळाने जिन्यातून पुसटशी हाक आली.

"अहो, या भिंती पुढे आल्यात का?"

तूच थोडी पुढे आली असशील, असं मी तिथूनच ऐकवलं. ती हसली नाही. परत वर जाणारी तिची पावलं ऐकू आली.

टेप खिशात घालून मी वर चढलो. खांदे कुठेही घासले नाहीत. ती खोलीच्या उंबऱ्यात बसली होती, दोन्ही कोपरं सोललेली.

"उतरून दाखवा," ती म्हणाली.

पहिल्या दोन-तीन पायऱ्या ठीक गेल्या. मग दंडाला गिलावा लागला. पुढच्या पायरीवर मी अंग तिरकं केलं. त्याच्या पुढच्या पायरीवर छातीला एक भिंत टेकली आणि पाठीला दुसरी. टेप लावली. आकडा प्रत्येक पायरीला जवळपास तोच, बोटभर फरकाचा. पण मला श्वास घेता येईना.

मान कशीबशी वळवून खाली पाहिलं. तळाची पायरी दिसत होती. फणीएवढी.

नुकताच मी तिच्यावर दोन्ही पाय ठेवून चढलो होतो.

सरपटत मागे आलो. खोलीच्या खिडकीला गज आहेत. तेही मीच बसवलेत, आणि पक्के बसलेत. पलीकडे गोदामाची बिनखिडकीची भिंत. फोन खाली, हत्यारं खाली. गज उपटायचा प्रयत्न केला; हात सोलून निघाले. मला भीती वाटत होती आणि ती मी हिच्यापासून लपवली नाही. हिने माझ्या हाताला ओलं फडकं गुंडाळलं.

"लेक येईल ना आता," ती म्हणाली. "तिला सांगू, दादांना बोलावून आण. बाहेरून भिंत फोडतील."

बराच वेळ गेला. मग दार वाजलं. दप्तर पडल्याचा आवाज आला. एक चप्पल, मग दुसरी.

"वर येऊ नकोस!" आम्ही एकदमच ओरडलो. "दादांना बोलाव!"

"आई? बाबा?" तिचा आवाज अगदी स्पष्ट येत होता. "वर आहात का?"

"येऊ नकोस! तिथेच थांब!"

"काय? इतकं हळू काय बोलताय?"

आमचे घसे फाटायची वेळ आली होती. ही उंबऱ्यात पालथी पडून, डोकं जिन्यात घालून ओरडत होती.

"काहीच ऐकू येत नाहीये," लेक म्हणाली. "थांबा, मीच येते."

पहिली पायरी करकरली.