मीटर बंद होता

मानपाड्याच्या एका कारखान्यात नव्या टाकीच्या वेल्डिंगचे फोटो काढायचे होते. रविवारी कारखाना बंद, म्हणून तानाजी आणि त्याची सहकारी संचिता दुपारी जेवूनच तिथे पोहोचले. काम नेहमीचंच. जड पेटीत किरणोत्सर्गी इरिडियमची इवलीशी गोळी असते. लांबून हँडल फिरवून ती केबलने नळीतून बाहेर ढकलायची, तिच्या किरणांनी जोडाचा फोटो निघतो, मग तिला परत आत ओढायचं. ती आत आली की नाही, हे डोळ्यांना कळत नाही. ते फक्त किरणं मोजणारा मीटर सांगतो, आणि मीटर हातात असल्याशिवाय पेटीजवळ जायचं नाही.

हा नियम तानाजीला तोंडपाठ होता. तरी दीड वर्षापूर्वी, मीटरची बॅटरी संपलेली असताना, "जा रे, आली असेल आत," म्हणत त्यानेच आपल्या जोडीदाराला, व्हॅलेंटाईनला, पुढे पिटाळलं होतं. गोळी नळीत अडकलेली होती. व्हॅलेंटाईनने ती नळी हाताने उचलली आणि चार महिन्यांत तो गेला. चौकशीत तानाजीने सांगितलं, मीटर चालू होता, व्हॅलेंटाईननेच नेला नाही. कागदावर तेच राहिलं. व्हॅलेंटाईनची बायको पामेला अजूनही फोन करून एवढंच विचारायची, की खरंच का हो तो इतका बेफिकीर होता? आणि हा गडी दर वेळी निर्लज्जपणे "हो" म्हणायचा. आतून मात्र पार पोखरला गेला होता.

पहिला फोटो झाला. तानाजीने गोळी आत ओढली, कुलपाचा खटका वाजला. संचिता मीटर घेऊन पेटीपर्यंत गेली. काटा शून्यावर होता. परत फिरताना मात्र ती मध्येच थबकली. मीटर टिकटिकू लागला होता.

"सर... पेटीकडे काहीच नाही. इकडे दाखवतोय."

"इकडे म्हणजे?"

तिने मीटर मोठ्या दाराकडे वळवला. टिकटिक वाढली. दारात नुसतं ऊन पडलं होतं. संचिता जागची हलली नव्हती, तरी काटा चढतच होता, थांबून थांबून, कोणी दमत चालत यावं तसा.

"सर, जवळ येतंय काहीतरी..."

किरणं लागलेला माणूस स्वतः किरणं सोडत नाही, हे तानाजी नवीन आलेल्यांना शिकवायचा. पण आता त्याची पाचावर धारण बसली. त्याने मीटर हिसकावून घेतला आणि संचिताला मागच्या दाराने बाहेर काढलं. शेडमध्ये भाजलेल्या कातडीचा वास पसरला होता. टिकटिक अगदी त्याच्या छातीशी आली.

"व्हॅली," तो कुजबुजला, "मीटर बंद होता रे... मीच पाठवलं तुला."

काटा झपकन खाली आला. तानाजीला रडू फुटलं. आता पामेलालाही सांगून मोकळं व्हावं, म्हणून त्याने तिथूनच तिच्या कल्याणच्या घरी फोन लावला.

"बोला तानाजीभाऊ. जेवलात काय?"

"वहिनी, त्या दिवशीचं... सांगायचं होतं."

"सांगा ना."

पण डोळ्यांपुढे जाणारी नोकरी दिसली, पोलीस दिसले. माणूस भित्रा तो भित्राच.

"मीटर चालूच होता, वहिनी. त्यानेच नेला नाही."

मग फोनमधून, तिच्या घरातून, टिक असा आवाज आला. टिक... टिकटिक... तानाजीने हातातल्या मीटरकडे पाहिलं. तो गप्प होता.

"वहिनी, तुमच्याकडे कसला आवाज येतोय?"

"कुठे काय? थांबा हां, दारात कोणीतरी आलंय वाटतं."

"उघडू नका! वहिनी, मी खोटं बोललो! मीटर बंद होता, मीच त्याला..."

तिने फोन केव्हाच टेबलावर ठेवला होता. कडी सरकली. टिकटिक इतकी दाट झाली की तिचा एकच सलग आवाज झाला, आणि त्याच्या पलीकडून पामेला हळूच, हसऱ्या आवाजात म्हणाली,

"आलास? ये, आत ये ना."