माझा रुडी कोणी उचलला?

"रोल नको," तो म्हणाला.

मी डाव हातात धरून त्याच्याकडे बघतच राहिले. मंगळवारची संध्याकाळ, शाळेच्या जेवणघरात आमच्या बँडच्या मदतीसाठी चिलीचं, म्हणजे खिमा-राजम्याच्या रश्श्याचं, जेवण ठेवलेलं, रांग पार दारापर्यंत गेलेली, आणि हा माणूस वाडगा पुढे करून म्हणतो, रोल नको! आमच्या गावात चिलीबरोबर दालचिनीचा रोल येतोच. एकाला घरात घ्यायचं आणि दुसऱ्याला दाराबाहेर उभं करायचं, असं इथे कोणी करत नाही.

"नको म्हणजे?"

"म्हणजे... तिखटाबरोबर गोड कसं खायचं?"

"बुडवून."

"रोल? चिलीत?" त्याने घाबरल्यासारखं केलं. "मी न्यू मेक्सिकोचा आहे हो. आमच्याकडे मिरची घालतात, त्याला चिली म्हणतात."

माझ्या चिलीला नावं! मी त्याच्या ताटात एक सोडून दोन रोल आदळले. तो हसला. हसताना त्याच्या डाव्या गालावर खळी पडली, आणि ती मला दिसली याचाच मला जास्त राग आला.

गर्दी ओसरल्यावर कॉफीचं भांडं घेऊन फिरत होते, तर तो भिंतीवरच्या फोटोपुढे उभा. फोटोत रुडी पेशेक, माझा जुना विद्यार्थी. अंगावर आमच्या इकडच्या, चेंडू हातात घेऊन पळायच्या फुटबॉलचा चिखलाने माखलेला पोशाख आणि खांद्यावर ट्युबा, ते भलंमोठं पितळी वाद्य. आमच्या लहानशा शाळेत संघातली अर्धी पोरं बँडमध्येही असतात. मध्यंतर झालं की कपडे न बदलता धावत येऊन रांगेत उभी राहतात.

"हा तोच ना, विद्यापीठाच्या संघातला? तिसऱ्या नंबरचा?" त्याने विचारलं.

"तिसऱ्या नंबरचा!" मी भांडं टेबलावर ठेवलं. "शनिवारी त्याच्या जागेचा पहिला गडी गुडघा धरून बाहेर गेला, बघितलंत? आता सगळे म्हणणार, दुसरा खेळेल. खेळेल की! पण ओल्या हवेत त्याच्या हातून चेंडू निसटतो. येत्या शनिवारी गारठ्याचा पाऊस आहे आणि वारा आहे. एकदा निसटला, की कोच वैतागणार आणि रुडीला आत पाठवणार. मग बघा."

"इतकी खात्री?"

"नेब्रास्काच्या वाऱ्यात खांद्यावर ट्युबा घेऊन सरळ रेषेत चालून दाखवा, मग बोला. त्या पोराच्या हातून काही सुटत नाही."

तो फोटोकडे बघेना, माझ्याकडेच बघत राहिला. काळेभोर, शांत डोळे... मला उगीच कान गरम झाल्यासारखं वाटलं.

"बँडच्या बाईंना हे सगळं कसं माहीत?"

"का? बाईंना डोळे नसतात?"

"चुकलो," तो म्हणाला, आणि रोलचा एक कोरडा तुकडा मुकाट्याने तोंडात टाकला. तेवढ्यात मला स्वयंपाकघरातून हाक आली. नाव विचारायचं राहूनच गेलं.

आता आमचा खेळ सांगितल्याशिवाय माझा संताप तुम्हाला कळायचा नाही. आम्ही दहा जण. प्रत्येकाचा एक मनाने रचलेला संघ, पण त्यातले गडी खरे, वेगवेगळ्या कॉलेजांत खेळणारे. ते खऱ्या मैदानावर जेवढं पळतील, तेवढे गुण आम्हाला. दर शनिवारी दोन-दोन संघांची गाठ, आणि आपले कोणते गडी खेळवायचे नि कोणते बसवायचे, ते आपणच ठरवायचं. जे गडी कोणाच्याच संघात नाहीत ते मोकळे. मंगळवारी रात्रीपर्यंत सांगायचं, मोकळ्यांतला कोण हवा आणि त्याच्यासाठी आपला कोणता सोडणार. बुधवारी पहाटे वाटप होतं, आणि तळाला जो असेल त्याचा पहिला हक्क. तळाला होता टायलर, ज्याने महिनाभर आपल्या संघाकडे ढुंकून बघितलं नव्हतं. त्याच्यावर मी. म्हणजे रुडी माझ्या खिशातच होता.

आणि मला तो हवाच होता. माझा भाऊ कर्ट या खेळाचा कारभारी. त्याचा मित्र लॉनी सैन्यात गेला, दहावा माणूस कमी पडला, म्हणून मला घेतलं. वर माझ्या संघाचं नावही त्यानेच ठेवलं, 'दहावी खुर्ची'. आता लॉनी परत येणार होता, आणि हंगामाच्या शेवटी जो तळाला राहील त्याने जागा सोडायची, असं ठरलं होतं. ती मीच सोडणार, हे सगळ्यांनी गृहीतच धरलेलं. दर शनिवारी कर्टच्या बैठकीत सगळे जमतात, भांडतात, ओरडतात. ती खुर्ची गेली की त्या खोलीत मी फक्त चिप्स आणून देणारी बहीण.

बुधवारी सकाळी दात घासता घासता फोन उघडला, आणि तोंडातला फेस आरशावर उडाला. रुडी गेला होता! टायलरच्या संघात!

मी कर्टला फोन लावला. "तुझा तो झोपलेला टायलर आजच बरा जागा झाला?"

"अगं, टायलर कुठला? त्याच्या बायकोला डेन्व्हरला नोकरी लागली, दोघंही गेली. दोघं मिळून संघ चालवायची ना, दोघांनी मिळूनच सोडला."

"ते एक तुझं खूळ! एका संघाला दोन मालक."

"एका घरचे असतील तरच. नियम आहे माझा. बाहेरचे दोघं एकत्र आले की भांडणं होतात."

"कर्ट! माझा रुडी कोणी उचलला?"

"आमच्या कोठारावर नवा माणूस आलाय, त्याला दिला तो संघ. इलायस बाका. काल तुमच्याकडे चिली खाऊन आला की. रोलची तक्रार करत होता."

पहिला तास मोकळा होता. मी तशीच गाडी काढली.

धान्याच्या कोठारावर सुगीची धांदल. वजनकाट्याच्या खिडकीत तो बसलेला, मक्याच्या भुसकटाने भुवया पिवळ्या झालेल्या.

"रुडी द्या," मी म्हणाले.

"गुड मॉर्निंग..."

"माझ्या हातची चिली खाल्लीत, माझ्या तोंडून सगळं काढून घेतलंत, आणि घरी जाऊन माझाच गडी पळवलात!"

त्याचा चेहरा खरंच पडला. "तुम्ही खेळता? मला वाटलं, तुम्ही त्याच्या नुसत्या शिक्षिका—"

"नुसत्या?"

"नुसत्या नाही... म्हणजे... बाकावर बसलेल्या पोराबद्दल इतक्या जीव तोडून बोलणारं माणूस मी बघितलं नव्हतं. घरी गेलो तरी तेच डोक्यात. मग उचलला."

मागून ट्रकवाल्याने हॉर्न दिला. "ओ बाई, तुमचं प्रेमप्रकरण आटपा! माझा मका इथेच उगवायचा!"

"हे चोरीचं प्रकरण आहे!" मी त्याच्यावर ओरडले.

"हे बघा, मी त्याला सोडून देतो," इलायस हळूच म्हणाला. "आज सोडतो, पुढच्या मंगळवारी तुम्ही घ्या. कोणाला कळणारसुद्धा नाही."

आता मात्र माझा तोल सुटला. आमच्या खेळात दोघांनी आतून हातमिळवणी करण्यापेक्षा मोठं पाप नाही. "मला खिरापत वाटता? मी काय लबाडी करून जिंकणार? उचललाय ना, आता सांभाळा त्याला! आणि त्या आधीच्या माणसाने त्या संघात जे भुसकट भरून ठेवलंय, ते आधी काढा. गुडघे मोडलेले दोन गडी अजून ठेवलेत!"

मी तरातरा गाडीकडे निघाले. मागून आवाज आला, "त्यांच्या जागी कोण घेऊ?"

"विचारतोय कोणाला बघा!"

शनिवारी दुसऱ्या गड्याच्या हातून चेंडू निसटला, रुडी आत आला आणि वाऱ्यापावसात सुसाट पळाला. अगदी मी सांगितलं होतं तसा. गुण सगळे त्या रोल न खाणाऱ्याला.

पुढच्या मंगळवारी सराव संपवून ट्युबे जागेवर ठेवत होते, तर बँडच्या खोलीच्या दारात हा उभा. हातात गरम डबा. "हिरव्या मिरचीचा रस्सा. आईने मिरच्या पाठवल्यात. दंड समजा."

पहिल्या चमच्याला माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. दुसरा चमचा मी हट्टाने घेतला. तिसरा आवडला म्हणून घेतला, पण ते त्याला सांगितलं नाही.

"मी नावं घेतो," तो समोरच्या खुर्चीवर बसत म्हणाला. "तुम्ही काही बोलू नका." आणि मोकळ्या गड्यांचं एकेक नाव घ्यायला लागला. मी तोंड मिटून गप्प.

"टोलेडोच्या कॉलेजातला तो उंच पोरगा?... हं. तो तुम्हाला हवाय."

"मी काही बोलले का?"

"तुमची उजवी भुवई बोलली."

मी हाताने भुवई झाकली. तो इतका हसला की मागची झांज आपोआप वाजली असेल. घरी जाऊन मी रागारागाने टोलेडोच्या पोराचं नाव घातलं. पहिला हक्क अजून इलायसचाच, म्हणजे गेलाच हातचा, असं धरूनच झोपले. सकाळी बघते तर पोरगा माझ्या संघात! इलायसने त्याच्यासाठी नाव घातलंच नव्हतं. दुसराच कोणी ढिम्म गडी घेतला होता.

असे मंगळवार येत गेले. रस्सा येई, नावं येत, माझी भुवई मला दगा देई, आणि बुधवारी तो गडी बिनबोभाट मला मिळे. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, दोघांनाही कळलं नाही. शेवटी मी भडकलेच.

"माझ्यावर दया करतोस का रे?"

"मुळीच नाही. तुझ्या चेहऱ्यावर वाचलेलं वापरणं म्हणजे चोरी. एकदा नकळत केली, पुरे झाली."

"मग दर मंगळवारी नावं कशाला वाचतोस?"

तो डब्याचं झाकण लावायला लागला. "भुवई बघायला," तो म्हणाला.

मी त्याच्या हातातून डबा काढून घेतला. तो धुवून परत दिला, आणि आमची बोटं नको तितकी रेंगाळली.

आणि मग व्हायचं तेच झालं. शेवटच्या आठवड्यात तळाला दोनच संघ उरले, बरोबरीत. सामनाही त्याच दोघांचा. मी विरुद्ध इलायस. हरेल तो बाहेर.

शनिवारी कर्टच्या बैठकीत सगळे विद्यापीठाच्या संघाचे लाल कपडे घालून जमलेले. मी इलायसला दाराशीच गाठलं. "रुडीला खेळवलंयस ना?"

त्याने हातातला फोन खिशात घातला.

"इलायस! त्याला मुद्दाम बसवलंस तर तुझं तोंड बघणार नाही."

"नेव्हा, तू बाहेर जाशील. इथे तू किती वर्षं..."

"आणि तू? या गावात तुला नावाने हाक मारणारी माणसं या एका खोलीत आहेत. मला माहीत नाही का?" माझा आवाज उगीचच ओला झाला. "खेळव त्याला. आत्ता. माझ्यासमोर."

त्याने फोन काढला आणि रुडीला संघात घातलं.

सामना संपत आला तेव्हा मी थोडीशी पुढे होते. टोलेडोच्या पोराने दुपारीच माझी झोळी भरली होती. पडद्यावर गारांचा पाऊस, विद्यापीठाचा संघ मागे. चेंडू रुडीच्या हातात गेला. एकाने त्याचा खांदा ओढला, दुसऱ्याने कंबर धरली... त्याने चेंडू छातीशी कवटाळला, ट्युबा कवटाळायचा अगदी तसाच, आणि निघाला. मी खुर्चीवर चढले. "पळ रे माझ्या राजा! पळ!" रुडी रेषेपार गेला आणि मी खुर्चीवरच नाचायला लागले.

खोलीत कोणीच नाचत नव्हतं. सगळे माझ्याकडे बघत होते. तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं, की मी हरले.

मी मागच्या ओट्यावर गेले. गारा पत्र्यावर तडतडत होत्या. रडू आवरेना, आणि रडू येतंय याचा संताप आवरेना. मागे दार वाजलं.

"मी कर्टला सांगतो, माझी जागा तुला—"

"खबरदार! दान नकोय मला. सरळ हरलेय मी."

"दान नाही." तो ओट्याखाली उतरून समोर उभा राहिला, केसांत गारा अडकलेल्या. "मला गडी निवडता येत नाहीत, नेव्हा. मी आयुष्यात एकच बरा निवडला, तोही तुझं ऐकून. मला भागीदार हवाय. एक संघ, दोन मालक."

"कर्टचा नियम माहीत आहे ना? एका घरचे लागतात."

"माहीत आहे," तो म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते. "मी त्याला आत्ताच विचारून आलो... एका घरचे व्हायच्या वाटेवर असले, तर चालेल का?"

"तू माझ्या भावाला विचारलंस? मला विचारायच्या आधी?" मी इतक्या जोरात ओरडले की खिडकीतली सगळी डोकी एकदम खाली गेली. "आणि काय म्हणाला तो?"

"म्हणाला, नियम वाकवतो, पण बहीण वाकत नाही." त्याने माझे गार पडलेले हात हातात घेतले. "मला तू आवडतेस. त्या चिलीच्या रांगेत दोन रोल आदळलेस ना, तेव्हापासून. आता विचारतो... नेव्हा, चालेल?"

मला खूप काही सुनवायचं होतं. पण उजवी भुवई... ती मेली वर गेलीच होती, आणि तो तिच्याकडेच बघत होता.

"माझ्या अटी आहेत," मी कशीबशी म्हणाले. "मंगळवारी कोणाला उचलायचं, ते मी ठरवणार. नाव 'दहावी खुर्ची' राहणार. आणि रोल बुडवून खायचा. चिलीत. सगळ्यांसमोर."

"आणि रुडी कोणाचा?"

"माझा!"

"बरं," तो म्हणाला. "मग मला कोणी उचलायचं?"

आत टेबलावर चिलीचं पातेलं वाफाळत होतं. मी त्याचा हात धरून त्याला आत नेलं आणि एक रोल त्याच्या हातात ठेवला. सगळी खोली बघत असताना त्याने तो चिलीत बुडवला, डोळे मिटून खाल्ला, आणि दुसरा मागितला.