उसने डोळे

हळू बोला रे, तुमची सत्यशीलाकाकू खाली झोपली आहे. आणि पियूष, तो मोबाईल आधी खिशात घाल. मी बोलत असताना कोणी दुसरीकडे पाहिलेलं मला खपत नाही. भैरवी, तू कशाला हसतेस? तुझाही ठेव.

हे माझ्या मित्राच्या घरात घडलं. मधुसूदन त्याचं नाव. घाटंजीला त्याचा फोटो स्टुडिओ आहे, आधी वडिलांचा होता. मी तेव्हा तिथल्याच पंचायत समितीत नोकरीला होतो. तारीख एकवीस नोव्हेंबर दोन हजार सहा, वार मंगळवार. दुसऱ्या दिवशी ऑफिसात तीन पासपोर्ट फोटो द्यायचे होते, म्हणून रात्री सव्वाआठला ते आणायला मी मधूकडे निघालो. एवढंच काम होतं. काकूनं सोबत कढीचा डबा दिला, म्हणाली, मंजुषावहिनींना, म्हणजे मधूच्या बायकोला, आवडते.

मधूची फोटो काढायची एक रीत होती. ओळखीच्या माणसाला तो सरळ स्टुलावर बसवत नसे. आधी चहा, मग गावभरच्या कुचाळक्या, आणि माणूस हसून सैल पडला की म्हणायचा, "आता जरा मान सोड." माझा लग्नाआधीचा फोटो त्यानंच काढला. काकू त्या फोटोवर भुलली, माझ्यावर नाही, हे ती अजून सांगते.

पण ती वर्षं वाईट होती. कापसानं लोकांचं पार कंबरडं मोडलं होतं. मधूकडे लग्नाची कामं कमी झाली आणि हार घालायचे फोटो वाढले. खेड्यातल्या कितीतरी माणसांचा जिवंतपणी एकही फोटो नसे. माणूस गेला की मधूला बोलावणं यायचं. पाठीला टेका देऊन बसवायचं, डोक्याला फेटा नाहीतर पदर नीट करायचा आणि फोटो घ्यायचा. घरच्यांची मागणी एकच असे, डोळे उघडे पाहिजेत. मेलेल्या माणसाचे डोळे कुठून उघडे असणार? मधूचे वडील ते ब्रशनं काढायचे, एका डोळ्याला एक अख्खी दुपार. त्यांनी मधूला बजावून ठेवलं होतं, की मेलेल्याचे डोळे रंगानंच काढायचे, जित्या माणसाचे उचलून लावायचे नाहीत. मधूनं कॉम्प्युटर घेतला आणि वडिलांचं बोलणं गुंडाळून ठेवलं.

त्या महिन्यात तांड्यावरची सोनीबाई गेली. घाटंजीपासून नऊ-दहा किलोमीटरवर बंजाऱ्यांचा तांडा आहे, तिथल्या बाबूसिंगची ती आई. बाबूसिंग मधूला घेऊन गेला, फोटो झाला. दिवसकार्य व्हायच्या आत फ्रेम पाहिजे होती. तेव्हाचं भारनियमन तुम्हाला काय माहीत! दिवसातून बारा-बारा तास लाइट नसायची. मधू कॉम्प्युटरपुढे बसला तेव्हा हातात तासभर होता. समोर दिवाळीत काढलेला वहिनींचा फोटो पडला होता, नवी साडी नेसून, डोळे मोठे करून बसलेल्या. त्यानं ते डोळे उचलले आणि सोनीबाईच्या चेहऱ्यावर बसवले. भोवतीच्या सुरकुत्या जुळवल्या. झालं काम. शनिवारी फोटो तांड्यावर भिंतीला लागला.

मला यातलं काहीही ठाऊक नव्हतं. मी पोचलो तर स्टुडिओ बंद, सगळीकडे काळोख. मागच्या दारानं घरात गेलो. मधल्या खोलीत कंदील होता आणि वहिनी भिंतीला टेकून बसल्या होत्या. डोळे ताठ उघडे. पापणी लवू नये म्हणून दोन्ही हातांनी कपाळ वर ओढून धरलेलं. मधू कोपऱ्यात उभा होता, मेल्यासारखा.

"वहिनी, काय झालं?"

"भाऊजी, मी तीन रातीची झोपली नाही," त्या म्हणाल्या. "डोळे मिटले की मले दुसऱ्याचं घर दिसते."

मला वाटलं, ताप असेल. हात लावून पाहिला. अंग गार होतं.

"उंचावरून दिसते. भिंतीवरून पाहावं तसं. खोलीत कमरेइतका कापूस भरला आहे. कडेला चार लेकरं झोपून आहेत. पहिल्या राती एवढंच दिसलं. दुसऱ्या राती दारात एक म्हातारी उभी होती. तिचे डोळे बंद. हातानं भिंत चाचपून राह्यली होती. काल राती ती कापसावर चढली..."

"मग?"

"आज दुपारी बसल्या-बसल्या डोळा लागला. तर सगळा अंधार. कोणी तरी माह्यावर कापड टाकलं होतं. आणि भाऊजी..." त्यांनी कपाळ आणखी वर ओढलं. "कापडाच्या आत मी एकटी नव्हती."

मधूनं मला ओढत अंगणात नेलं आणि डोळ्यांचं सांगितलं. मी त्याला काय काय बोललो ते तुमच्यासमोर सांगत नाही. बापाचं एक ऐकलं असतंस तर, म्हणालो. तो लहान पोरासारखा रडायला लागला. "सदा, तिनं एक डाव झोप घेतली की ती म्हातारी तिचे डोळे घेऊन जाईन. मले मंजू पाहिजे रे. काही कर."

मी काकूला बोलावून वहिनींजवळ बसवलं. सांगितलं, काहीही कर पण झोपू देऊ नको. मधूनं वडिलांची रंगाची पेटी घेतली. ती कशाला, मी विचारलं नाही. नऊ चाळीसला आम्ही त्याच्या मोटारसायकलवर निघालो.

आदल्या दिवशीच अमावास्या झालेली. पांढरकवड्याचा रस्ता सोडून कच्च्या वाटेला लागलो. दोन्ही बाजूला वेचणीचा कापूस, अंधारातही पांढरा दिसणारा. वाटेत एक माणूस नाही, एक बैलगाडी नाही.  मी मागे बसून रामरक्षा म्हणत होतो आणि चौथ्या ओळीच्या पुढे जात नव्हतो.

तांडा जागा होता. म्हणजे बाबूसिंगचं घर जागं होतं. सगळे बाहेर अंगणात, शेकोटीपाशी. बायको रुपीबाई चारही लेकरांना कवेत घेऊन बसलेली. मधूला पाहून बाबूसिंग उठला. नमस्कार नाही, बसा नाही.

"फोटोवाले भाऊ, तुमी कोनाचा फोटो देल्ला आमाले?"

"तुह्या याडीचा, तुह्या मायचाच..."

"याडीचा नाही!" रुपीबाई बोलली. "माह्या सासूची नजर मी वीस वर्सं पाह्यली. हे नजर तिची नोहे. कोनी दुसरीच बाई आमच्या घरात पाहून राह्यली. लेकरं भेतात. रातच्याला फोटो डोये मिटते अन् उघडते. म्हनून आज दुपारी म्या खिडकीतून काठीनं त्याच्यावर लुगडं टाकलं."

पोरांनो, तेव्हा माझ्या ध्यानात आलं. आमच्या घरात भूत शिरलं म्हणून आम्ही धावत आलो होतो. आणि त्यांच्या घरातलं भूत आमच्या वहिनी होत्या.

बाबूसिंगनं कंदील घेतला. तो दारापर्यंत आला, आत आला नाही. भाव येईल म्हणून ठेवलेला कापूस खोलीत कमरेइतका भरला होता. आत बोललं की शब्द कापूसच गिळायचा. समोरच्या भिंतीवर लुगड्याखाली झाकलेली फ्रेम. आणि दारापासून फ्रेमपर्यंत कापसात खड्डे... पावलांएवढे. जाणारे होते. परतीचे नव्हते.

"लेकरं खेळली असतील," मी म्हणालो.

"कालपासून आत कोनी गेलं नाही," बाबूसिंग म्हणाला.

मधू गेला. त्या खड्ड्यांच्या बाजूनं, कापसात मांड्यांपर्यंत रुतत. लुगड्यासकट फ्रेम काढून बाहेर आणली. आम्ही ती ओट्यावर ठेवली. लुगडं आमच्यापैकी कोणीच काढेना. शेवटी रुपीबाईनं काढलं.

फोटो नेहमीसारखाच होता. म्हातारा चेहरा, सुरकुत्या, कपाळावर पदर. आणि त्यात वहिनींचे डोळे. मी ते शंभर वेळा पाहिलेले, चहा देताना, पत्ते खेळताना. भरून आले होते. कागदावर... ओल होती.

"जाळून टाका," बाबूसिंग म्हणाला.

"नाही!" मधू ओरडला. "ते पाहून राह्यली आहे यातून. जाळलं तर तिले काय दिसन?"

"मंग पुरा."

"पुरलं तर काय दिसन?"

बाबूसिंगनं शेकोटीत लाकूड सारलं. 

मग रुपीबाईच हळू म्हणाली, "भाऊ, सासू गेली तवा तिचे डोये मिटलेलेच होते. तुमी कायले उघडले? मिटून द्या."

मधूनं पेटी उघडली. आता कळलं, ती कशाला आणली होती. मागचे खिळे काढले, काच बाजूला केली. रंग कालवला, कातडीचा. मी कंदील जवळ धरला. डाव्या डोळ्यापासून सुरुवात केली. वरून खाली, एकेक फटकारा. पापणी उतरत गेली. अर्धा डोळा झाकला... पाऊण... मिटला.

तेवढ्यात मधूचा फोन वाजला. तांड्यावर रेंज नसते. त्या रात्री होती.

मी उचलून स्पीकरवर ठेवला, काकू बोलत होती. कुजबुजत. "अहो, तुम्ही काय करून राहिले तिकडे? मंजुषाचा डावा डोळा आपोआप मिटला. मी बोटानं उघडून पाहते तर उघडत नाही."

मधूच्या हातातून ब्रश पडला.

"सदा, मी तिले आंधळी करून राह्यलो."

"थांब मग."

"थांबलो तर ती म्हातारी..."

तो फोटोकडे पाही, माझ्याकडे पाही.   फोनवर खरखर झाली आणि वहिनींचा आवाज आला. शांत. इतका शांत, की मला त्याचीच जास्त भीती वाटली.

"अहो. थांबू नका."

"मंजू, तुह्या डोळ्याचं काही झालं तर..."

"डावीकडून ती गेली. आता उजव्यापाशी आली आहे. बोट लावलं तिनं. गार आहे."  मग, "लवकर करा..."

मधूनं ब्रश उचलला. धुतला नाही, पुसला नाही. त्याला लागलेल्या मातीसकट तसाच रंगात बुडवला.   एक फटकारा. दुसरा. फोन ओट्यावर पडलेला, त्यातून वहिनींचा श्वास ऐकू येत होता. तिसरा. आमच्या मागे, खोलीत, कापसावर कोणी तरी चालल्यासारखं दबून दबून...

"मागं पाहू नोका," रुपीबाई म्हणाली.

नाही पाहिलं. चौथा. पाचवा.

डोळा मिटला.

फोनमधला श्वास थांबला.

किती वेळ गेला सांगता येणार नाही. मी घड्याळ पाहिलं तेव्हा अकरा सतरा झाले होते. मागचा आवाज बंद झाला होता. मग काकू बोलली. "झोपली हो ती. घोरते आहे."

मधूनं तोंडात उपरणं कोंबलं आणि रडला. बाबूसिंगनं त्याच्या पाठीवर हात ठेवला. फोटो त्यांनी ठेवून घेतला, मिटलेल्या डोळ्यांचा. रुपीबाई म्हणाली, आता हे माही सासू आहे.

परत यायला एक वाजला. सगळ्या वाटेत मधू एकच विचारत होता, डोळे उघडतील ना? मी हो हो म्हणत होतो. पहाटे साडेपाचला वहिनी उठल्या. दोन्ही डोळे उघडले. मधूला पाहिलं, मला पाहिलं, म्हणाल्या, "भाऊजी, कढी नासली असन." मी आयुष्यात त्याच्याइतकं गोड वाक्य ऐकलं नाही. त्यांना स्वच्छ दिसत होतं. आजही दिसतं, सुईत दोरा ओवतात. ते दुसऱ्याचं घर पुन्हा कधी दिसलं नाही. मधूनं तेव्हापासून घरात कॅमेरा आणला नाही, आणि वहिनींनीही कधी फोटो काढा म्हटलं नाही. सहा वर्षं अशी गेली.

दोन हजार बाराला आधार कार्डाची शिबिरं सुरू झाली. आम्ही चौघं एकाच दिवशी गेलो. माझं झालं, काकूचं झालं. वहिनी कॅमेऱ्यापुढे बसल्या.

"काकू, डोळे उघडा," तो ऑपरेटर म्हणाला.

"उघडेच आहेत बाबा."

त्यानं परत फोटो घेतला. परत घेतला. मग तिसऱ्यांदा. आम्ही पाहत होतो, वहिनींनी डोळे इतके ताणले होते की पाणी आलं. नऊ वेळा त्यानं बटण दाबलं. नंतर वैतागून स्क्रीन आमच्याकडे वळवली. नऊच्या नऊ फोटोंत वहिनींचे डोळे मिटलेले.

"आणि हे काय लावलं आहे काकूंनी पापण्यांना?" म्हणत त्यानं शेवटचा फोटो मोठा केला.

मिटलेल्या पापण्यांवर ब्रशचे फटकारे होते. वरून खाली. कातडीच्या रंगाचे.

मधूनं स्क्रीनकडे पाहिलं. मग हळूच मान वळवली. वहिनी खुर्चीवर बसून, टक्क उघड्या डोळ्यांनी, त्याच्याकडेच पाहत होत्या.