शुक्रवारचं दळण

गुरुवारी वडगावात गिरणीला लाइट नसते, हे मला कुणीच सांगितलं नव्हतं. म्हणून भर गुरुवारी सकाळी नऊ वाजता, ज्वारीचा डबा कडेवर घेऊन मी गिरणीच्या दारात उभी... आणि आत एक माणूस पोत्यावर बसून निवांत पेपर वाचतोय!

"दळायचंय," मी म्हणाले.

त्यानं पेपर खाली केला. भुवयांवर पीठ, पापण्यांवर पीठ, आणि त्या पिठातून बघणारे दोन हसरे डोळे.

"आज गुरुवार," तो म्हणाला.

"मग? गिरणीचा उपास असतो का?"

"लाइटचा असतो. संध्याकाळशिवाय सुटत नाही." तो उठून उभा राहिला. "गुरुवारी डबा घेऊन आलेल्या तुम्हीच पहिल्या. नवीन दिसताय."

नवीन! हा शब्द ऐकला की माझं डोकंच फिरायचं. दूधवाला म्हणायचा नवीन, घरमालकीण म्हणायची नवीन, बँकेत पासबुक भरायला आलेली आजीसुद्धा म्हणायची, "नवीन आलीस व्हय गं?"

महिना झाला होता मला येऊन. बँकेनं बार्शीहून उचललं आणि वडगाव मावळात आणून टाकलं. स्टेशनामागं एक खोली घेतली. खिडकीत डोंगर, डोंगरावर कायम ढग टेकलेले. मैत्रिणी म्हणायच्या, काय नशीब काढलंस अपेक्षा! आणि मला त्या ढगांकडं बघून रडू यायचं. बार्शीत मी डोळे मिटून बाजार केला असता. शिंप्याला माझं माप पाठ, वाणी मला बघूनच शेंगदाणे मोजायला घ्यायचा. इथं साधी कोथिंबीर घ्यायची तरी धाकधूक — कुणाची ताजी, कोण जुडीत काड्या लपवतं, काही म्हणजे काही ठाऊक नाही. पहिल्याच आठवड्यात मी अर्ज ठोकून दिला होता. विनंती बदली, बार्शी. सहा महिने तरी लागतील, असं आमचे साहेब म्हणाले होते.

"नवीन आहे, पण फार दिवस राहायची नाही," मी फणकाऱ्यानं म्हणाले. "माझी बदली होणार आहे."

"होऊ दे की. पण तोवर जेवाल ना?" त्यानं माझ्या हातातून डबा घेतला, झाकणावर खडूनं 'बार्शी' असं लिहिलं... आणि मी गाव कधी सांगितलं, ते आठवेना.

"तुम्हाला कसं कळलं?"

"डबा तिथला आहे. बुडाशी दुकानाचं नाव-गाव आहे." तो हसला. "उद्या सकाळी या. मी अमृत."

नाव विचारलं होतं का मी?

शुक्रवारी पीठ नेलं आणि शनिवारी पुन्हा गिरणीत हजर झाले, ते भांडायला. रुमालात भाकरी बांधून नेली होती, तीन तुकडे झालेली.

"हे बघा! थापताना चिरा, उलटताना तुकडा. जन्मात माझी भाकरी मोडली नव्हती. काय केलंत माझ्या ज्वारीचं?"

गिरणी चालू होती, त्यामुळे मला ओरडावं लागलं. रांगेतल्या बायका टकामका बघायला लागल्या. अमृतनं तुकडा उचलला, बघितला... आणि चक्क तोंडात टाकला.

"अहो! खाताय काय?"

"तांदूळ आलाय यात," तो चावता चावता म्हणाला. "आमच्याकडं सगळं दळण तांदळाचं. दगडात राहिलेलं पीठ तुमच्या ज्वारीत आलं. चुकलंच माझं." मग दुसरा तुकडा उचलत, "चव मात्र लय भारी आहे."

आता अशा माणसाशी भांडायचं तरी कसं?

त्यानंतरच्या शुक्रवारी पीठ मिळालं ते लोण्यासारखं. भाकरी टम्म फुगली. मी खोलीत एकटीच टाळ्या पिटल्या. "काय जादू केली?" विचारलं, तर म्हणाला, "गिरणीला सवय झाली तुमच्या ज्वारीची."

ज्वारीचं पीठ शिळं झालं की भाकरी नीट होत नाही, म्हणून मी आठवड्यापुरतंच दळायचे. गुरुवारी संध्याकाळी डबा ठेवायचा, शुक्रवारी बँकेच्या आधी न्यायचा. गिरणीच्या वाटेवरच नंदाबाई भाजी घेऊन बसायच्या. एकदा मी थांबायच्या आत त्यांनी पिशवीत मेथी टाकली आणि म्हणाल्या, "ती पलीकडची घिऊ नगंस, कालची हाय." त्या दिवशी बँकेत दिवसभर मी उगीचच हसत होते. मग डेअरीवाला सुट्टे विचारेनासा झाला. चहावाल्या रतनदादांना माझी साखर कळली. आणि गिरणीच्या बाकावर, त्या धडधडाटात, पिठाच्या कोमट वासात बसलं की कुणीतरी पाठीवरून हात फिरवतंय असं वाटायचं. आमचं बोलणं तरी काय... खुणांचंच. त्यानं भुवई उडवायची — झोप झाली नाही का? मी मान हलवायची — सर्दी. दुसऱ्या शुक्रवारी डब्यावर गवती चहाची जुडी ठेवलेली.

दिवाळीला बार्शीला जाताना चिक्की न्यावी म्हणून मी लोणावळ्याला गेले. गल्लीभर गुळाचा पाक उकळल्याचा वास, रस्त्यावर धुकं, आणि त्या धुक्यातून खांद्यावर गिरणीचा काळा पट्टा टाकून अमृत येताना दिसला. भुवयांवर पीठ नव्हतं, त्यामुळे क्षणभर ओळखूच आला नाही. काळ्याभोर होत्या भुवया.

"असं काय बघताय?"

"काही नाही... तुम्ही एवढे तरुण असाल असं वाटलं नव्हतं."

तो इतका मोठ्यानं हसला की चिक्कीच्या दुकानातला माणूसही हसला.

वडगावची लोकल यायला पाऊण तास होता. आम्ही फलाटाच्या टोकाच्या बाकावर बसलो. धुकं रुळांवर उतरत होतं, सिग्नलचा लाल दिवा त्यात विरघळत होता. गिरणी नाही, धडधडाट नाही, तरी आम्ही सवयीनं भुवयांनीच बोलत होतो.

"बदलीचं काय झालं?" शेवटी त्यानं विचारलं.

"अजून काही नाही."

"बरं," तो म्हणाला. त्यानंतर मघाशी घेतलेली चिक्की फोडून मोठा तुकडा माझ्या हातावर ठेवला. त्याची बोटं क्षणभर जास्त थांबली, की मलाच तसं वाटलं, देव जाणे. लोकल उशिरा यावी, असं मी आयुष्यात पहिल्यांदा म्हटलं.

आणि जानेवारीतल्या एका बुधवारी ऑर्डर आली.

"अभिनंदन!" साहेब म्हणाले. "बार्शी. पुढच्या सोमवारी रुजू व्हायचं. नको असेल तर शनिवारपर्यंत लेखी द्या. मात्र पुन्हा तीन वर्षं अर्ज करता येणार नाही, हं. पण तुम्ही कशाला नको म्हणताय!"

आईला फोन केला. ती रडलीच. "तुझ्या खोलीला रंग देऊन घेतलाय गं मी," म्हणाली. मीही रडले. ती आनंदानं रडत होती. मी कशानं, ते मला कळत होतं आणि सांगता येत नव्हतं.

गुरुवारी संध्याकाळी शेवटचा म्हणून डबा घेऊन गिरणीत गेले. अमृत नव्हता, कामशेतला गेला होता. त्याचे वडील, मारुती आबा, एकटेच बाकावर बसले होते.

"आबा, हे शेवटचं दळण. बदली झाली माझी."

आबांनी माझ्याकडं बघितलं, डब्याकडं बघितलं, आणि लांब श्वास सोडला.

"चला. आता आमाला तांदळाची भाकर मिळंल."

"म्हणजे?"

"तुला ठाव न्हाई व्हय, पोरी?" आबा सरसावून बसले. "तुझ्या ज्वारीत तांदूळ यिऊ न्हाई म्हणून दर शुक्रवारी पाटंचं हे येडं आदी पदरची किलोभर ज्वारी दळतं. बाजारातनं इकत आणतं! दगडातला समदा तांदूळ त्या पिठात जातो, आन् मग तुजं दळण घालतं. ते मिसळीचं पीठ फेकायचं व्हय? आमीच खातो. पाच म्हैनं झालं, पोरी. थापली की चिरती, उलटली की मोडती. सैपाकाला बसली की त्याची आई गिरणीच्या नावानं बोटं मोडती."

पाच महिने माझी भाकरी टम्म फुगत होती, आणि त्या घरात दर आठवड्याला तुकडे पडत होते. आणि हा माणूस म्हणतो, गिरणीला सवय झाली!

रात्र कशी काढली ते विचारू नका. शुक्रवारी सकाळी मी गिरणीत पोचले तेव्हा माझा डबा भरून तयार होता.

"गिरणीला सवय झाली काय?" मी कमरेवर हात ठेवून विचारलं.

अमृतनं एकदा आबांच्या रिकाम्या बाकाकडं बघितलं. मग गिरणी बंद केली. मोटारीचा आवाज हळूहळू खाली आला.

"आबांच्या पोटात काही राहत नाही," तो पुटपुटला.

"का केलंत असं?"

"पहिल्यांदा केलं ते चूक झाली म्हणून." तो हातावरचं पीठ पुसत राहिला. "मग... तुम्ही शुक्रवारी हसत आला नाहीत तर माझा आठवडा वाया जायचा. आवडता तुम्ही मला. लय. आता लपवून काय करू?"

माझ्या छातीत गिरणी सुरू झाली.

"मग थांब म्हणा ना मला!"

"नाही म्हणणार."

"का?"

"तुम्ही आल्या दिवसापासून घरी जायचं म्हणताय. आई वाट बघतेय. माझ्या शब्दाखातर थांबलात, तर कधी पाऊस नकोसा झाला, कधी आईची आठवण आली, की तुम्हाला वाटंल, या गिरणीवाल्यापायी अडकले. मला ते सोसायचं नाही." त्यानं डबा माझ्यापुढं सरकवला. डोळे मात्र वर केले नाहीत. "तुमचं तुम्ही ठरवा. काही ठरवलंत तरी मी रागावणार नाही."

इतका राग आला मला! आणि इतकं प्रेमही. डबा उचलला आणि तरातरा निघून आले.

त्या दिवशी बँकेतून परतताना मुद्दाम हळू चालले. नंदाबाईंनी लांबूनच हात केला. रतनदादांनी न विचारता कप पुढं केला. अमृतला या सगळ्यातून वजा करून बघितलं, मोठ्या कष्टानं बघितलं... तरी मी इथं घरीच होते. मग त्याला परत त्यात घातलं, आणि रस्त्यातच डोळे भरून आले.

शनिवारी सकाळी आईला फोन केला. सगळं सांगितलं, भाकरीसकट.

"आई, रागावलीस?"

"रागावले तर आहेच," ती म्हणाली. मग नाक पुसत, "मुलगा बघायला कधी येऊ?"

बँकेत अर्ज दिला आणि साहेबांनी कपाळाला हात लावायच्या आत गिरणी गाठली. आत चार बायका रांगेत, आबा बाकावर, आणि अमृत नुकतंच एक दळण संपवून, गिरणी थांबवून डब्यात पीठ दाबत होता. मला बघून त्याचा हात थांबला.

"निघालात?" त्यानं विचारलं.

"नाही. बदली नको म्हणून लिहून दिलं. घरी सांगून, विचार करून. कुणी थांब म्हटलं म्हणून नाही."

त्यानं डबा खाली ठेवला. "कारण... कारण विचारलं असेल ना त्यांनी?"

"विचारलं. रकानाच होता तसा."

"काय लिहिलंत?"

"वैयक्तिक."

"म्हणजे?"

"म्हणजे तुम्ही."

अमृतनं माझ्याकडं बघितलं. मग काय करावं ते न सुचून त्यानं मागं वळून गिरणीचं बटणच दाबलं. रिकामी गिरणी अशी काही खडखडली की बायकांनी कानांवर हात ठेवले.

"आरं येड्या!" आबा बाकावरून उठलेच. "वर दाणा न्हाई एक! दगडं घासत्यात, बंद कर!"

अमृतनं घाईनं बटण बंद केलं. खडखडाट ओसरला. रांगेतल्या बायका पदर तोंडाला लावून उभ्या होत्या. तो कानापर्यंत लाल झाला होता, पण डोळे माझ्यावरून हलवत नव्हता.

"आवाजात नीट ऐकू आलं नाही," तो म्हणाला. "परत सांगता?"

आवाज तर नंतर झाला होता. तरी मी परत सांगितलं — चारी बायकांना आणि आबांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं.